माझ्या बाजूचा ब्रेक

४ फेब्रुवारी

मोठे,

पाकिटावर माझं अक्षर दिसलं तर तू ते न उघडताच बाजूला ठेवशील, म्हणून पत्ता तुझ्या आईकडून लिहून घेतला. आत मात्र मी आहे. आता उघडलंच आहेस तर पानभर वाच आणि मग खुशाल फेकून दे.

इकडे सगळे बरे आहेत. तुझ्या आईचे गुडघे कुरकुरतात, पण तिच्यापुढे त्यांचं काय चालणार. धाकटा हॉस्पिटलात दिवसभर लोकांचे एक्स-रे काढतो आणि घरी येऊन सांगतो की माणसं आतून सगळी सारखीच दिसतात. ड्रायव्हिंग स्कूल चालू आहे. दोन गाड्या होत्या, त्यातली एक विकून टाकली. त्रेसष्टाव्या वर्षी एका वेळी एकाच शिकाऊ माणसाची भीती झेपते.

पत्र लिहायचं कारण वेगळं आहे. रविवारी तू आईला फोन केलास तेव्हा मी बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होतो. म्हणजे पेपर तोंडासमोर धरून स्पीकरवरचं तुमचं बोलणं ऐकत होतो. गेली कित्येक वर्षं तुझी खबरबात मला अशीच कळते. शेवटी तू 'बाबा बरे आहेत ना' असं विचारतेस, आई 'हो' म्हणते आणि मी पान उलटतो. या वेळी कळलं की तुला जनावरांच्या फिरत्या दवाखान्यावर घेताहेत. चौदा गावांतली गुरं, शेळ्या, कोंबड्या, सगळा कारभार एका डॉक्टरच्या अंगावर. प्रयोगशाळेत काचेच्या पट्ट्या बघत तू सहा वर्षं काढलीस आणि आता कुठे जिवंत जनावराला हात लावायची नोकरी चालून आली. लहानपणापासून तुला दुसरं काही करायचंच नव्हतं. आणि तू नाही म्हणणार आहेस, कारण जीप स्वतः चालवावी लागते.

३१ मार्चपर्यंत कळवायचं आहे, हेही ऐकलं.

मोठे, हा शुद्ध वेडेपणा आहे. तुझ्याकडे लायसन्स आहे. तुला मी स्वतः शिकवलंय. ज्याने हजार-बाराशे लोकांना गाडी शिकवली, त्याच्या मुलीने स्टिअरिंगला हात लावू नये, हे बरं दिसतं का? त्या गोष्टीला बारा वर्षं झाली. धाकट्याचा पाय केव्हाच जुळला, जिने दोन-दोन पायऱ्यांनी चढतो. एक अपघात माणसाने किती दिवस डोक्यात ठेवून बसावा? चार दिवस मोकळ्या मैदानात गाडी फिरव, सगळं आठवेल.

नीट विचार कर.

बाबा


२१ फेब्रुवारी

मोठे,

तुझं उत्तर आलं नाही. यायला नकोच होतं. मागच्या पत्रात काय काय लिहिलं ते आठवलं की कान गरम होतात. 'बरं दिसतं का' असं लिहिलं ना मी? तुला हवी असलेली एकुलती एक नोकरी हातची चालली आहे आणि मला माझ्या स्कूलच्या पाटीची पडली होती.

आज एक हकिगत सांगतो. उपदेश नाही, नुसती हकिगत.

माझ्याकडे सध्या एक बाई शिकायला येतात. शाळेत गणित शिकवायच्या, आता निवृत्त, वय चौसष्ट. बहीण शेजारच्या गावात एकटी असते, तिच्याकडे मनात येईल तेव्हा जाता यावं म्हणून गाडी शिकायची आहे. मला 'मास्तर' म्हणतात, पण अशा सुरात की मीच त्यांच्या वर्गात मागच्या बाकावर बसलोय. पहिले दहा-बारा दिवस छान गेले. गाडी बंद पडत नव्हती, वळणावर वेग कमी होत होता आणि मी सवयीप्रमाणे 'वा बाई, हात बसला तुमचा' असं म्हणत होतो.

सोमवारी आम्ही पाण्याच्या टाकीच्या उतारावरून खाली आलो. कोपऱ्यावर एक टेम्पो आडवा आला आणि गाडी झोकात थांबली. मी म्हटलं, वा. बाईंनी हँडब्रेक ओढला, चष्मा काढून पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"मास्तर, गाडी मी थांबवली की तुम्ही?"

तुम्हीच, असं मी म्हटलं. त्यावर त्या म्हणाल्या, खोटं बोलताना माझ्या वर्गातली मुलंसुद्धा अशीच खिडकीबाहेर बघायची.

तुला माहीत आहे, स्कूलच्या गाडीत माझ्या बाजूलाही एक क्लच आणि एक ब्रेक असतो. तो अडीनडीला वापरायचा. मी तो येता-जाता वापरतो. दाबत नाही, नुसता पाय टेकवतो, इतका हलका की शिकणाऱ्याला पत्ताही लागत नाही. गाडी सुरळीत चालते, शिकणारा खूश, मी खूश, आणि बाहेर लोक म्हणतात की या मास्तरचा हातगुण चांगला आहे. चाळीस वर्षांत कोणी पकडलं नव्हतं. बाईंनी बाराव्या दिवशी पकडलं.

नुसतं पकडून थांबल्या असत्या तर एकवेळ ठीक. मला सीटवर मांडी घालून बसायला लावलं. म्हणाल्या, पाय वर घ्या, मला काय येतं ते मला एकदा कळू दे. शिकाऊ गाडीची लाल पाटी लावलेल्या गाडीत, भर रस्त्यात, मी पंगतीला बसल्यासारखा मांडी घालून बसलो. पाचावर धारण बसली होती. पहिल्याच वळणावर त्यांनी गाडी वाळूच्या ढिगात घातली. मी डोळे मिटले होते. उघडून बघतो तर बाई ढिगाकडे बघून शांतपणे म्हणतात, "म्हणजे मी उशिरा दाबते. बरं झालं, कळलं." गाडी मागे घेतली आणि पुन्हा त्याच वळणावर गेल्या. पाचव्या खेपेला वाळूच्या हातभर अलीकडे थांबल्या. इतक्या खूश झाल्या की मला टाळी द्यायला हात पुढे केला, आणि माझे दोन्ही हात डॅशबोर्डला चिकटलेले.

तेव्हापासून तू डोळ्यांसमोरून हलत नाहीस. तुलाही मी असंच शिकवलं. तुझ्या बाबतीत तर जरा जास्तच. तू एकोणीस वर्षांची होतीस. चढावर गाडी बंद पडली की मागचे लोक हॉर्न वाजवायचे आणि तुझे डोळे भरून यायचे. ते मला बघवायचं नाही. मग मी पाय टेकवायचो. चढावर क्लच माझा, उतारावर ब्रेक माझा. घरी येऊन तू आईला सांगायचीस, "आई, आज एकदाही बंद पडली नाही." तुझा तो चेहरा बघण्यासाठी मी वाट्टेल ते केलं असतं.

लायसन्सची परीक्षा मात्र तुझी तू पास झालीस. सपाट मैदान, चार वळणं, समोर कोणी नाही. पण भर रस्त्यात गाडी तू एकटीने कधी थांबवलीच नव्हतीस. महिन्याभराने तू आपल्या घरच्या गाडीत बसलीस, शेजारी धाकटा. त्या गाडीत माझ्या बाजूला ब्रेक नव्हता आणि मीही नव्हतो. पुढचं मी तुला काय सांगणार.

हे सगळं मला आत्ता, बाईंमुळे लक्षात आलं. आधी लक्षात आलं असतं तर तेव्हाच सांगितलं असतं.

तुझा बाबा


६ मार्च

मोठे,

तुझं कार्ड मिळालं. एकच ओळ आहे, ती आता पाठ झाली आहे. 'बाबा, म्हणजे त्या दिवशी मी ब्रेक दाबला होता की नव्हता?'

दाबला होतास.

ज्या क्षणी दाबायची तुला सवय होती, त्याच क्षणी दाबलास. पण रोज त्याच्या आधीच माझा पाय गाडी निम्मी थांबवून ठेवत असे, आणि त्या दिवशी तो पाय नव्हता. म्हणून गाडी थांबायला हवी होती तिथून पुढे गेली आणि टाकीच्या उतारावर उभ्या ट्रकच्या मागच्या बाजूला घुसली. धाकटा बसला होता ती बाजू. यात तुझं काहीही चुकलं नव्हतं. तुला जेवढं शिकवलं होतं तेवढं तू बरोबर केलंस.

आता दुसरी गोष्ट. मागच्या पत्राचं शेवटचं वाक्य खोटं आहे. मला हे बारा वर्षांपूर्वीच कळलं होतं.

हॉस्पिटलच्या व्हरांड्यात तू मला म्हणालीस की बाबा, मी दाबला होता, पण ब्रेक लागलाच नाही. तुझ्या बाहीवर धाकट्याचं रक्त होतं. मी तसाच गॅरेजमध्ये गेलो. मेकॅनिकने चाकं काढून दाखवली. ब्रेक उत्तम होते. तो सहज म्हणाला, मग पोरीने उशिरा दाबला असणार. 'उशिरा' हा शब्द त्याच्या तोंडातून निघाला. मी तिथल्या स्टुलावर बसलो. त्याला वाटलं मुलाच्या काळजीने बसलो, त्याने पाणी आणून दिलं. मी पाणी प्यालो आणि सगळं स्वच्छ दिसलं, आज तुला लिहितोय तसंच्या तसं.

तिथून मी परत आलो. तू, आई, दोन शेजारी, नर्स, सगळे व्हरांड्यात होते. तू माझ्याकडे बघितलंस. तुझी खात्री होती की बाबा आता काय ते सांगतील. मी म्हटलं, "ब्रेक ठणठणीत आहेत. तुझ्या हातात गाडी द्यायलाच नको होती."

असं का म्हटलं, याला माझ्याकडे चांगलं कारण नाही. धाकटा आत ऑपरेशनच्या टेबलावर होता, मी घाबरलेला होतो, हे खरं आहे, पण ते कारण नव्हे. कारण एवढंच की त्या वेळी दोघांपैकी एकाचं चुकलं असं म्हणणं भाग होतं आणि मी तुला पुढे केलं. मी मास्तर, माझं नाव, माझी स्कूल. तू काय, लहान आहेस, विसरून जाशील. नंतर रोज वाटायचं, आज सांगावं. तू चार-चार दिवस खोलीतून बाहेर यायची नाहीस तेव्हाही वाटायचं. मी दारापर्यंत येऊन मूग गिळून परत जायचो. मग तू शिकायला बाहेर पडलीस आणि सांगायला समोर कोणी उरलं नाही. मला तेव्हा सुटल्यासारखं वाटलं. हेही लिहून टाकतो, नाहीतर पुन्हा अर्धंच पत्र होईल.

मी तुझी माफी मागतो. ती तू दिलीच पाहिजेस असं मुळीच नाही. पण नोकरीला नाही म्हणायचं असेल तर दुसऱ्या कशासाठी तरी म्हण. गाडी चालवता येत नाही म्हणून नको. तुला ती अजून कोणी शिकवलेलीच नाही.

बाबा


१५ मार्च

मोठे,

तुझं चार पानी पत्र मिळालं. त्यातलं एकही वाक्य मला लागू नाही असं वाटलं नाही. दोन ठिकाणी तर तू मला सांभाळून घेतलं आहेस. ते करू नकोस.

तू लिहिलंयस की घरातून निघताना तू कुलूप तीनदा ओढून बघतेस. प्रयोगशाळेत एकच पट्टी चार-चार वेळा तपासतेस, सगळे तुला चिकाटीची म्हणतात, पण ती चिकाटी नाही, स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास उरलेला नाही. कारण एकदा पायाने सांगितलं होतं 'दाबला' आणि बापाने सांगितलं होतं 'नाही'. हे मी दहा वेळा वाचलं. मला वाटायचं, मी तुझ्या हातातून फक्त गाडी काढून घेतली.

तुझी अट मान्य. आईला आणि धाकट्याला मीच सांगायचं, तू नाही. सांगितलं. शनिवारी दुपारी जेवणं झाल्यावर, कोणी उठायच्या आत.

तुझ्या आईने सगळं ऐकून घेतलं. मग ताटं उचलली, घासली, पुसली, जागच्या जागी लावली. मी बसल्या जागी बसून होतो. हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, "अहो, ती मला किती वेळा सांगायची, आई, मी दाबला होता गं, खरंच दाबला होता. आणि मी तिला काय म्हणायचे? जाऊ दे, झालं ते झालं." एवढं बोलून आत गेली. त्यानंतर माझ्याशी एक शब्द नाही. चहा मिळतो, पण कप असा आपटते की निम्मा बशीत. साखर घातली आहे का हे विचारायची सोय राहिलेली नाही.

धाकटा बराच वेळ आपल्या पायाकडे बघत बसला. मला वाटलं आता काहीतरी विनोद करणार. त्याने मान वर केली तेव्हा चेहरा वेगळाच होता. "ताई आली की मी दर वेळी म्हणायचो ना," तो म्हणाला, "तू बस, गाडी मी चालवतो, माझा एकच पाय शिल्लक आहे. आणि ती हसायची. बाबा, ती हसायची हो." मग चपला घालून निघून गेला. संध्याकाळी आला आणि दारातूनच म्हणाला, ताईला कळवा, माझी गाडी घे म्हणावं, शेजारी मी बसतो. आणि थोडा वेळ थांबून, पाय मोडलाच तर एक्स-रे घरचाच आहे. तो त्याच्या मूळ पदावर येतो आहे असं वाटतं. माझ्याकडे मात्र अजून सरळ बघत नाही.

बाई लायसन्सच्या परीक्षेत नापास झाल्या. मी तोंड पाडून उभा होतो तर मला म्हणाल्या, मास्तर, नापास मी झालेय, तुम्ही कशाला सुतकी चेहरा करता. पुढच्या आठवड्यात पुन्हा बसणार आहेत. मी चाळीस वर्षं ज्यांना पहिल्याच झटक्यात पास करून दिलं, त्यातले किती जण आज रस्त्यावर कसे असतील, याचा विचार करायचं धाडस अजून होत नाही. पण गेल्या आठवड्यापासून सगळ्यांनाच मांडी घालून शिकवतो आहे. लोक हसतात. दोघेजण शिकवणी सोडून गेले, म्हणे मास्तर म्हातारे झाले.

तू वीस तारखेला आठ दिवसांच्या रजेवर येतेस, धाकट्याच्या गाडीवर हात बसवून बघतेस, जमलं तर त्यांना हो कळवतेस, आणि मी मध्ये पडायचं नाही. नाही पडणार. कानाला खडा.

बाबा


२५ मार्च
(तुझ्या खोलीच्या दाराखालून)

मोठे,

एका घरात राहून मुलीला पत्र लिहिणारा बाप तू पहिल्यांदाच बघत असशील. काय करू? समोर आलो की मी 'जेवलीस का' याच्या पुढे जात नाही आणि तू 'हो'च्या पुढे जात नाहीस. कागदावर मी जरा बरा माणूस आहे.

तुम्ही दोघं सकाळी सातला निघता तेव्हा मी खिडकीत असतो. पहिल्या दिवशी फाटकाबाहेर पडेपर्यंत गाडी तीनदा बंद पडली. मी पडदा मुठीत धरून उभा होतो. तेव्हा तुझी आई इतक्या दिवसांनी माझ्याशी पहिलं वाक्य बोलली: "पडदा फाटेल." दुसऱ्या दिवशी एकदाच बंद पडली. त्यानंतर नाही. चौथ्या दिवशी तू परत आलीस तेव्हा किल्ली बोटावर फिरवत होतीस आणि तुला ते माहीतही नव्हतं.

धाकट्याकडून बातम्या काढतो. तो म्हणतो, ताई मैदानात छान चालवते, बाजारातूनही नेते, पण टाकीचा उतार आला की गाडी कडेला घेते, खाली उतरते आणि जागा बदलून घेते. तिकडे गेलात त्या दोन्ही दिवशी तेच झालं. चौदा गावं आहेत, मोठे. कुठेतरी उतार असणारच.

आज जेवताना तू ताटातून मान वर न करता म्हणालीस, "बाबा, उद्या तुम्ही बसाल का शेजारी? स्कूलच्या गाडीत." आईच्या हातातला डाव तसाच राहिला. मी 'बसेन' म्हटलं आणि लगेच उठून हात धुवायला गेलो, ते तुला तुटक वाटलं असेल. तुटक नव्हतं. नळ सोडून मी तिथे किती वेळ उभा होतो ते आईला विचार.

तू का विचारलंस, मी विचारणार नाही. फक्त एवढंच सांगतो की मी मांडी घालून बसणार आहे. हसायचं नाही.

बाबा


२६ मार्च
टाकीच्या उताराखाली, बंद दुकानाच्या पायरीवर

मोठे,

तू आत्ता मला गाडीतून उतरवून निघून गेलीस. खिशात विद्यार्थ्यांच्या हजेरीचा कागद होता, त्याच्या पाठीवर लिहितो आहे. दुसरं काहीही केलं तर रस्त्यावर पळत सुटेन.

जे झालं ते लिहून ठेवतो, म्हणजे पुढे मला त्यात फेरफार करता येणार नाहीत.

तू उतारावर गाडी आणलीस. कडेला घेतली नाहीस. मी मांडी घातलेली होती. निम्म्यात आलो आणि गल्लीतून सायकलवाला सुटला. तुझा पाय ब्रेककडे निघालेला मी बघितला. अगदी वेळेवर निघाला होता. आणि तेवढ्यात मांडी केव्हा सुटली मला कळलं नाही, माझा पाय खाली होता, गाडी थांबलेली होती आणि सायकलवाला मान न वळवता पुढे निघून गेला होता.

तू समोर बघत विचारलंस, "कोणी दाबला?"

खिडकीबाहेर बघावंसं फार वाटलं. तुझ्याकडे बघितलं.

"मी," मी म्हटलं.

"मी वेळेवर होते?"

"होतीस. तू थांबवली असतीस. तुझं काही चुकलं नाही, मी घाबरलो."

तू ओरडशील असं वाटलं. रडशील असंही वाटलं. तू स्टिअरिंगवर हात ठेवून एक मोठा श्वास सोडलास, खूप दिवसांनी घट्ट चप्पल काढल्यावर सोडतो तसा. म्हणालीस, "बारा वर्षांपूर्वी एवढंच सांगायचं होतं, बाबा." मग म्हणालीस, "उतरा." मी उतरलो. दार नीट लागलं नव्हतं, ते तू आतून ओढून घेतलंस आणि काच खाली करून म्हणालीस की वर जाते आणि खाली येते, एकटी, इथेच थांबा.

मी आयुष्यभर शिकणाऱ्याच्या शेजारी बसलो आहे. असा फुटपाथवर कधी थांबलो नव्हतो. इथे पायाखाली फक्त फरशी आहे आणि मी तिच्यावर कितीही जोर दिला तरी काही होत नाही, दोनदा देऊन बघितला. तुम्हा दोघांना चालायला शिकवलं तेव्हाही मी दोन्ही हातांचं कडं करून मागे-मागे फिरायचो. तुझी आई म्हणायची, अहो, पडू द्या की जरा. मला वाटायचं हिला काळजी नाही. तिला काळजी होती आणि दमही होता. माझ्याकडे नुसतीच काळजी होती.

एकदा समोरून गेलीस. उतारावरून खाली, वेग बेताचा, कोपऱ्यावर थांबलीस. माझ्याकडे बघितलं नाहीस. बरोबर आहे, रस्त्याकडेच बघायचं.

दुसऱ्यांदा गेलीस. या वेळी एक हातगाडी मध्ये आली होती. तू थांबलीस. हातगाडीवाल्याने सावकाश, अगदी सावकाश रस्ता ओलांडला आणि तू हॉर्नही वाजवला नाहीस. मी नकळत उभा राहिलो होतो. पुन्हा बसलो.

आता वीस मिनिटं झाली, तू आली नाहीस. वर जाऊन खाली यायला सात मिनिटं लागतात. धाकट्याला फोन करावा असं वाटतंय, म्हणून फोन खिशातून काढून पायरीच्या दुसऱ्या टोकाला ठेवला आहे. मी आता वाईट गोष्टींची यादी करतोय आणि ती करायची नाही असं ठरवतोय. तू म्हणालीस थांबा. थांबलोय. यापुढे माझं काम हेच असणार असेल तर शिकून घेतो, अजून हात बसायचा आहे.

आलीस.

एका बाजूचा आरसा जागेवर नाही. गाडी तू समोर लावलीस, नीट, फुटपाथला धरून, हँडब्रेक ओढला, उतरलीस. आरसा तुझ्या हातात आहे. मी तोंड उघडायच्या आत म्हणालीस, "गल्लीत एका पिकअपला घासली. मला वाटलं जागा आहे, नव्हती. मालकाला नाव-पत्ता देऊन आले, म्हणून उशीर झाला. चूक माझी आहे, बाबा." आणि हे सांगताना तुझा चेहरा पहिल्या नंबराने पास झाल्यासारखा. मी 'लागलं नाही ना' एवढंच विचारलं. तू नाही म्हणालीस. पुढचं सगळं मी गिळलं. तो आरसा मी कधीही दुरुस्त करणार नाही असं म्हणणार होतो, पण मग आठवलं की मला त्याच गाडीत लोकांना शिकवायचं आहे, तेव्हा करीन.

आता तू पायरीवर माझ्या शेजारी बसून फिरत्या दवाखान्याच्या ऑफिसला फोन लावला आहेस. मी लिहितच राहिलोय, कारण मान वर केली तर रडू येईल आणि समोर रस्त्यावर माझी निम्मी गिऱ्हाइकं हिंडत असतात. ऑफिसातल्या माणसाचा आवाज मला ऐकू येत नाही. त्यांनी काहीतरी विचारलं असावं.

"हो, येते," तू म्हणालीस. "आज एका गाडीला घासली. पण थांबवता येते. माझी मला."